पुसण्याआधी ऐकायचं

गायक गायला लागला की बुवा तोंड फिरवून बसायचे. रस्त्याने मोठा ट्रक चालला असला की आपण बोलणं थांबवून तो जाईपर्यंत वाट बघतो ना, तसे. कडवं संपलं, गायक गप्प झाला आणि मागून ती लांबट, ओल्या आवाजाची गिटार पुढे आली, की मान परत वळायची, डोळे मिटायचे आणि उजव्या पायाचा पंजा जमिनीवर हळूच दाबला जायचा. तेवढ्या तुकड्यासाठी हा माणूस अख्खं गाणं सहन करायचा.

कोकणात भजन म्हणणाऱ्याला बुवा म्हणतात. आमचे बुवा जन्मात कधी गायले नाहीत आणि देवाशीही त्यांचं फारसं जमत नव्हतं. कोणीतरी चिडवायला म्हणून सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. ते मालवणकडचे, आमच्या कंपनीत एसी मेकॅनिक होते. मी त्याच कंपनीचा स्टोअरकीपर, वाईकडचा. दम्मामच्या बाहेर, हायवेपासून बरंच आत, वाळूत पत्र्याच्या लांबलचक बराकी उभ्या केल्या होत्या. तिथे आम्ही एका खोलीत चौघं चौघं राहायचो. बुवांना मात्र खोली एकट्याची, कारण त्यांच्यासोबत कोणी टिकायचं नाही. कॅसेट चालू असताना कोणी खोकलं तरी त्याची वळकटी बाहेर. दोघांच्या वळकट्या बाहेर आलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि त्यातला एक बिचारा दम्याचा पेशंट होता.

ही गिटार म्हणजे आपण समजतो ती नव्हे. टेबलासारखी आडवी, चार पायांवर उभी. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची आणि खालचे पेडल पायाने दाबायचे, म्हणजे धरलेला सूर वाकतो. अमेरिकेत तिला पेडल स्टील म्हणतात. बुवा तरुणपणी मुंबईत लग्नातल्या ऑर्केस्ट्रात हवाईन गिटार वाजवायचे, त्यामुळे कांडीचं काम त्यांना ठाऊक होतं. पायाचं ठाऊक नव्हतं. "आपण मींड हाताने काढतो, हे लेकाचे पायाने काढतात," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले, ते सुद्धा एखाद्याच्या घरातली भानगड सांगावी तसं, आवाज खाली आणून.

त्यांना हे सगळं सापडलं ते अमेरिकन लोकांच्या कंपाउंडमध्ये. तेलाच्या कामावर आलेले टेक्सास-लुइझियानाकडचे ड्रिलर तिथे बायकामुलांसह राहायचे आणि त्यांचे एसी आमच्या कंपनीकडे होते. एका ड्रिलरच्या बंगल्यात बुवा गेले असताना आत रेकॉर्ड लागली होती. बुवांनी त्या दिवशी धडधाकट एसी पूर्ण खोलून जमिनीवर मांडला आणि संध्याकाळपर्यंत जोडला नाही. पुढे ही पद्धतच पडली. त्या ड्रिलरकडे त्याच्या मुलखातल्या छोट्या छोट्या बँडच्या रेकॉर्डी होत्या. शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाचासाठी वाजवणारे, कोणी दिवसा टायर विकणारे, कोणी गुरं राखणारे. गावातच थोड्या प्रती काढायच्या, गावातच खपवायच्या. बुवा त्या एकेक करून मागून आणायचे, कॅसेटवर उतरवायचे, परत नेऊन द्यायचे आणि कॅसेटच्या वरच्या दोन खिट्या नखाने मोडून टाकायचे. खिट्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मोडताना त्यांचा चेहरा कुलूप घालणाऱ्या सावकारासारखा व्हायचा.

कव्हरवर टोपी घातलेल्या गायकाचा फोटो असायचा, नाव असायचं. स्टील वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नसायचं. म्हणून बुवांनी आपणच नावं ठेवली. एक जोशी होता. सुराला पक्का, एक चूक नाही. "पण हा बायकोशीसुद्धा असाच बोलत असणार," बुवा म्हणायचे. एक खोत होता. तो उशिरा यायचा आणि आला की बाकीच्या वाद्यांनी सरकून जागा द्यायची. आणि एक सावंत होता. सावंत चुकायचा. वरच्या सुरावर जाताना हमखास थोडा खाली राहायचा आणि मग पायाने ओढत ओढत तिथे पोचायचा. ह्याच्या घरातलं कोणीतरी गेलंय, बुवा सांगायचे, त्याशिवाय माणूस असा उशिरा पोचत नाही.

मला यातलं काही कळत नव्हतं हे सांगून टाकतो. मला ते सगळं एकसारखंच रडकं वाटायचं. पण स्टोअरमधून तांब्याच्या नळ्या आणि स्क्रू मीच देत असल्यामुळे बुवांनी मला जाणकारांत धरलं होतं. त्या नळ्या, एका मोडक्या लोखंडी खाटेची चौकट आणि मोटरसायकलच्या ब्रेकच्या वायरी यांतून त्यांनी स्वतःची पेडल स्टील बनवायला घेतली होती. ती दिसायला शिवणयंत्रासारखी होती आणि कधीच सुरात राहिली नाही. खोलीतला एसी चालू केला की तारा चढायच्या, बंद केला की उतरायच्या. जगातल्या सगळ्यांचे एसी दुरुस्त करणारा हा माणूस त्यापायी स्वतःच्या खोलीत जून महिन्यातही घामाने निथळत बसायचा. नोकरी संपली की मालवणला बहिणीच्या परड्यात खोली बांधायची, कॅसेटी लावायच्या आणि सावंत शिकायचा, एवढा एकच बेत त्यांच्या आयुष्यात होता. लग्न केलं नव्हतं. पत्र बहिणीचं यायचं, गणपतीच्या आसपास.

मग नव्वद साली कुवेतचं ते झालं. अमेरिकन बायकामुलं पहिल्या महिन्याभरातच गेली. तो ड्रिलरही गेला, त्याच्या रेकॉर्डींसकट. हायवेवरून रणगाडे लादलेले ट्रक दिवसरात्र जायचे आणि आमच्या पत्र्याच्या भिंती थरथरायच्या. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होते. ज्याला जायचंय त्याने अर्ज करावा असं ऑफिसात सांगायचे आणि अर्ज केला की साहेब रियाधला गेलाय म्हणायचे. विषारी गॅसचा हल्ला होईल म्हणत होते, पण मास्क साहेबलोकांना मिळाला. आम्हाला खिडक्यांना लावायला प्लास्टिकचे ताव, चिकटपट्टी आणि टॉवेल ओला करून तोंडाला धरा ही सूचना मिळाली. ते ताव माझ्याच स्टोअरमधून गेले, आणि ते किती पातळ होते ते मला माहीत होतं.

त्याच सुमारास बुवांना सैनिकांच्या जेवणाच्या तंबूत एसीच्या कामाला पाठवलं. काम करताना शेजारी छोटा टेपरेकॉर्डर ठेवून ते सावंत ऐकत बसले होते. एक विशीतला सैनिक ताट घेऊन चालला होता, तो थबकला. म्हणाला, हे तुझ्याकडे कुठून आलं? हा आमच्या गावचा माणूस. पेट्रोल पंप होता त्याचा. मग मशीनमध्ये बोटं गेली, वाजवणं सुटलं आणि पुढे तोही गेला. त्याच्या मुलीने ही रेकॉर्ड सगळीकडे शोधली, कोणाकडेच नाही. पोरगा नाव सांगायला लागला तेव्हा बुवांनी हात वर करून त्याला थांबवलं. नाव नको, म्हणाले. संध्याकाळी माझ्याकडे आले ते डोळे लाल करून. "बोटं गेली रे सावंताची," एवढंच म्हणाले. मग सुतक धरल्यासारखे दाढी न करता हिंडत होते आणि टेपरेकॉर्डरला हात लावत नव्हते. आम्ही हसलो. तेव्हा अजून हसायला येत होतं.

जानेवारी उजाडला तसं हसणं थांबलं. कुवेत सोडायला अमेरिकेने दिलेली मुदत जवळ आली. पोस्टाचा भरवसा उरला नाही. फोनच्या केबिनपुढे रांगा, आणि आमच्या लोकांच्या गावी फोन तरी कुठे होता? बाजारातल्या दुकानात लावायचा, निरोप ठेवायचा. आमच्यातले पुष्कळ जण पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे. इथे बोलून भरायची, सुटीवर जाणाऱ्याच्या हाती द्यायची, घरी सगळे भोवती बसून ऐकायचे. आता खेडकडचा एक सुतार सुटत होता. त्याचं काँट्रॅक्ट संपलं होतं आणि सुदैवाने एक्झिटचा शिक्का आधीच पडला होता. बसने रियाध आणि तिथून विमान. तो म्हणाला, सगळ्यांच्या कॅसेटी नेतो, घरोघर पोचवतो. पण बाजारात कोरी कॅसेट मिळेना. अर्धी दुकानं बंद, मालक जेद्दाला पळालेले. हा आपला शेवटचाच आवाज असेल, हे कोणी बोलत नव्हतं आणि प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

कॅसेटी होत्या त्या फक्त बुवांकडे. भिंतभर.

लोक आधी एकेकटे गेले, मग घोळक्याने गेले. मोडलेल्या खिट्यांच्या भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि चिकटपट्टीला त्या दिवसांत तोटा नव्हता. बुवांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, माझी माणसं पुसून तुमची भरू काय? यावरून फार वाईट बोललं गेलं. मेलेल्या गोऱ्यांच्या तुणतुण्यासाठी जिवंत माणसांच्या तोंडाला कुलूप लावणारा, असं एक जण दाराशी उभा राहून म्हणाला. दुसऱ्याने दारावर लाथ मारली.

एकटा दत्ता त्या घोळक्यात नव्हता. हा देवगडकडचा वेल्डर, माझ्याच खोलीतला, कमी बोलणारा. खरं तर सगळ्यांत जास्त गरज त्यालाच होती. त्याचा बाप आयुष्यभर समुद्रावर गेलेला, आता लकवा होऊन अंथरुणाला खिळलेला. डोळेही गेलेले. रेडिओवरच्या बातम्या ऐकून त्याने डोक्यात घेतलं होतं की दत्ता मेलाय आणि घरचे लपवतायत. त्याने अन्न सोडलं होतं. दुकानातल्या फोनवर आई दत्ताला म्हणाली होती, तुझा आवाज ऐकल्याबिगर तो घास घ्यायचा नाही. बापाला उचलून दुकानापर्यंत आणणं शक्य नव्हतं. दत्ताने बुवांकडे एकदा विचारलं होतं, नाही म्हटल्यावर परत आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा आमच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"बापाशीक ऐकाक येता मां रे?" त्यांनी दत्ताला विचारलं.

"येता. डोळे गेले, कान आसत."

"मग चल. आणि त्या बाकीच्यांका पण सांग."

अट एकच घातली. जी कॅसेट पुसायची ती ज्याची त्याने आधी पूर्ण ऐकायची. ऐकल्याशिवाय पुसू देणार नाही. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मुदत संपायला आलेली, वरून विमानं जातायत आणि हा म्हणतो आधी गाणी ऐका. पण गरज आमची होती. खिडक्यांना प्लास्टिक लावलेल्या त्या कोंदट खोलीत एकेक प्लंबर, फिटर, गवंडी खाली बसून टेक्सासच्या कुठल्याशा गावातला शनिवार ऐकायचा. बुवा समोर बसायचे आणि गायक थांबला की बोट वर करायचे, म्हणजे आता ऐक. हा जोशी, ते सांगायचे, हा खोत. बाजू संपली की चिकटपट्टी लावायची, कॅसेट उलटी गुंडाळायची आणि म्हणायचे, बोल आता.

आणि माणसं वेगळंच बोलायची. एरवी मी मजेत आहे, तुम्ही मजेत असा, पाऊसपाणी कसं, यापलीकडे न जाणारे लोक त्या गिटारीनंतर बायकोला जे बोलायचं ते बोलायचे. बाहेर येताना मान खाली असायची. मीही आईसाठी भरली. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण तसं मी घरी कधी बोललो नव्हतो आणि पुढेही बोललो नाही. मला ते वाजवणं रडकं वाटायचं म्हणालो ना, त्या दिवशी नाही वाटलं.

दत्ताची पाळी बुवांनी मुद्दाम शेवटी ठेवली. तोवर भिंत रिकामी झाली होती. उरली होती ती सावंताची. मी म्हटलं, बुवा, ही राहू दे, माझीच परत पुसू आणि त्यावर याची भरू. बुवा माझ्यावर चिडले. तुझ्या आईने काय घोडं मारलंय, म्हणाले. तिघांनी बसून ऐकली. सावंत नेहमीसारखा खाली राहिला, ओढत ओढत पोचला. बुवांचा पाय जमिनीवर दाबलेला होता. बाजू संपल्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली, ती त्यांच्याकडून दोनदा वाकडी लागली.

दत्ता म्हणाला, "बाबा, मी दत्ता. जितो आसंय मी. तुमी जेवा."

आणि थांबला. त्याला पुढे काही येईना. बुवांनी यंत्र बंद केलं नाही. अजून काही सुचेल म्हणून बाजू संपेपर्यंत चालू ठेवलं. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो आणि कॅसेट नुसती फिरत राहिली.

सुतार बॅग भरून गेला. मुदत संपली आणि सुरू झालं. भोंगा वाजला की आम्ही ओले टॉवेल तोंडाला धरून प्लास्टिकच्या आत बसायचो आणि एकमेकांकडे बघायचो. एकदा आवाज इतका जवळ झाला की छताचे पत्रे निखळले. पुढे कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या आणि वारा फिरला की आमच्याकडे दुपारी बारालाही दिवे लावावे लागायचे. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडायचे. बुवा रिकाम्या भिंतीखाली बसून असायचे. ती घरगुती गिटार त्यांनी खोलून नळ्या मला परत आणून दिल्या, स्टोअरला जमा कर म्हणाले.

लढाई थांबली, फोन लागायला लागले, आणि एकेकाला कळत गेलं की कॅसेट कोणाच्याच घरी पोचलेली नाही. सुटीहून परतलेल्या एकाने सुताराचा निरोप आणला. वाटेत तपासणीत बॅग उघडली होती. एवढ्या कॅसेटी एका माणसाकडे कशाला, युद्धाचे दिवस, संशय आला. आधी ऐकू आणि मग बघू म्हणून त्या ठेवून घेतल्या. कोण ऐकणार होतं मराठी तिथे? सुताराला स्वतःला सोडलं हेच खूप.

दत्ताने बाजारातल्या दुकानात फोन लावला तेव्हा दुकानदारानेच सांगितलं. बाप लढाईच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. शेवटपर्यंत अन्न घेतलं नव्हतं.

बुवांना हे सांगायचं कोणी? त्यांना फोन करणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांना काही कळलं नव्हतं. ते मेसमध्ये एकेकाच्या ताटाशी येऊन विचारायचे, मिळाली काय रे घरी? कोणी काही ठरवलं नव्हतं, पण ज्याला विचारलं तो हो म्हणाला. मिळाली बुवा. ऐकली सगळ्यांनी. दारावर लाथ मारणाराही हो म्हणाला. मीही म्हणालो.

मग ते दत्ताकडे आले. बाप गेल्याचं तेवढं त्यांच्या कानावर आलं होतं, कॅसेट पोचली नाही हे नव्हतं. त्यांनी विचारलं, जाण्याआधी ऐकली का? दत्ता खाली बघून म्हणाला, ऐकली. मग बहुतेक त्याला ते अपुरं वाटलं असावं. तो म्हणाला, मी जिथे गप्प बसलोय ना बुवा, तिथे मागून तुमची गिटार बारीक वाजते म्हणे. आई म्हणाली.

बुवा उभेच राहिले. नीट पुसलं गेलं नाही की काय, असं काहीतरी पुटपुटले. यंत्राचं पुसायचं डोकं झिजलेलं होतं, ते मलाच समजावून सांगायला लागले, तसं होऊ शकतं, हलक्या यंत्रात मागचं थोडं राहतं. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला दत्ताचा राग आला. त्याच आठवड्यात बुवांनी सुटीचा अर्ज दिला. मालवणला बहिणीकडे आणि तिथून देवगड. जी काही उरली असेल ती ऐकून येतो, म्हणाले.

त्यांना अडवणार तरी काय सांगून? मी दत्ताला म्हटलं, निदान घरी फोन करून आईला सावध कर. दत्ता म्हणाला, आईला खोटं बोलायला कोणत्या तोंडाने सांगू? त्याने फोन केला नाही. बुवा गेले तेव्हा सगळे धरून चालले की ते आता परत येत नाहीत. माझ्या मनात त्याहून वाईटही येऊन गेलं.

ते परत आले. शुक्रवारची दुपार होती, सगळे मेसमध्ये. बुवा ताट घेऊन सरळ दत्तासमोर येऊन बसले आणि एक पुडकं त्याच्याकडे सरकवलं. कुळथाचं पीठ होतं, त्याच्या आईने दिलेलं. दत्ताने पुडक्याला हात लावला नाही. बुवांनी आधी भाताचा एक घास खाल्ला.

"कॅसेट आयकलंय," ते म्हणाले. "वाजता मागसून. बारीक. पण वाजता."

त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं की त्या घरात कॅसेट नव्हती. दत्ता त्यांच्याकडे बघतच राहिला. बुवांनी त्याची नजर चुकवली नाही.

"बापाशीन दोनदा लावूक सांगितल्यान, असा आवस सांगी होती तुझी," ते म्हणाले. "आणि मगे बापूस जेवलो."

"बाबा जेवले?" दत्ताने विचारलं.

"जेवलो तर," बुवा म्हणाले. "वाडगोभर पेज."